मांडवाचे डहाळे

आबा गेल्याचा निरोप अकोल्याला, मी कामाला होतो त्या कापसाच्या जिनिंगमध्ये आला, तेव्हा माझ्या मनात आधी आलं ते हे, की तुळसाबाई सुटली. बाप गेल्यावर असं वाटू नये म्हणतात. मला वाटलं.

आबा अकोटच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला राखीव जंगलाचे नाकेदार होते. साग, हळदू, मोह, धावडा... पणजोबांच्याही आधीपासून उभं असलेलं रान. कुणी अर्जुनाची साल सोलून नेली, तर आबा त्या जखमेवर शेणमाती लिंपत बसायचे. आम्हा भावंडांपैकी कुणाच्या अंगावरून तसा हात फिरल्याचं मला आठवत नाही.

तुळसाबाई माझी मधली बहीण. तिच्या लग्नात मांडवाचे डहाळे आणायला, रिवाजाप्रमाणे घरचे जावई म्हणून, आमचे थोरले भाऊजी बैलबंडी घेऊन गेले. नाकेदाराच्याच घरचा मांडव, परवानगी कसली काढायची, असं सगळ्यांनीच धरलं होतं. जांभळीच्या फांद्या भरून बंडी वाजतगाजत निघाली आणि लग्नघरातून उठून आबा नाक्यावर जाऊन उभे राहिले.

"मामाजी, मांडव तं तुमचाच हाये ना!" भाऊजी हसत म्हणाले.

"मांडव माहा हाये. झाड माहं नाही."

डहाळे जप्त झाले. भाऊजींना दिवसभर चौकीत बसवलं. नवरदेवाच्या बापाचा सांगावा आला, "ज्यानं थोरल्या जावयाले चौकीत बसोलं, तो धाकट्याले काय सोडते?" वऱ्हाड आलंच नाही. हळद लागलेली तुळसाबाई नुसत्या बल्ल्यांच्या, वर एक पान नसलेल्या मांडवात बसून राहिली... पुढे तिला कुणी मागणी घातली नाही. आबांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. जंगलखात्याच्या साहेबानं पाठ थोपटली, तेवढं मात्र चारचौघांत सांगायचे. आणि ती जन्मभर त्यांना भाकरी वाढत राहिली.

तेरवी झाल्यावर मी तिला म्हणालो, "बाई, चाल अकोल्याले. आता इथं काहून राहतं?" तिनं गाठोडं बांधलं. आम्ही दारात बंडीची वाट पाहत होतो. तेवढ्यात रानातून एक बाई डोक्यावर ओल्या फांद्यांचा भारा घेऊन उतरली.

तुळसाबाई उठली. "भारा टाक खाली."

"घरी बाळंतीण हाये वो, पानी तापवाले पायजे..."

"टाक म्हनते ना!"

बाई रडत रिकामी गेली. तुळसाबाईनं भारा अंगणात ओढून घेतला आणि गाठोडं सोडायला बसली.

"तू जाय. मी गेली तं एकबी झाड ठेवतीन का हे लोक?"

बापाच्या चितेपाशी मला रडू आलं नव्हतं. ते एकट्यानं बंडीत बसल्यावर आलं.