मोरपंखी, जरा निळ्याकडे

आमच्या घराजवळच्या गल्लीतल्या बाजाराला आता बाजार म्हणायचं ते केवळ सवयीने. जयपुरात मालवीय नगरच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना दुकानांच्या रांगा आहेत आणि त्यांतली निम्मी दुकानं बंद आहेत. बंद शटरांवर कोचिंग क्लासच्या जाहिराती एकीवर एक चिकटवलेल्या. खालच्या जाहिरातीतली पहिली आलेली मुलं आता स्वतः आईबाप झाली असतील. जी दुकानं उघडी आहेत त्यांच्या पाट्या विटल्या आहेत, पत्र्याच्या कडा गंजून खाली लोंबतात. एका पाटीवर अजून ‘मॅचिंग सेंटर’ लिहिलेलं आहे, आत मात्र मोबाइलची कव्हरं मिळतात. पाटी काढायचेही कष्ट कोणी घेतलेले नाहीत, याचा मला राग येतो. मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो, असं घरचे म्हणतात.

विमा कंपनीतल्या बदलीवर मी कोल्हापूरहून इथे आले ती तीन वर्षांसाठी म्हणून, आणि इथेच निवृत्त झाले. तेव्हा संध्याकाळी या गल्लीत स्कूटर आणायची सोय नव्हती, इतकी गर्दी असायची. बांगड्या, लेस, गोटा म्हणजे जरीच्या पट्ट्या, दोरे, अस्तरं, सगळं एका दमात मिळायचं. आणि रांगेच्या टोकाला रंगरेजांचं दुकान होतं.

रंगरेज म्हणजे कापड रंगवून देणारे. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना मला हे समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे साडी विटली की ती बोहारणीकडे जाते. जयपुरात ती रंगरेजाकडे जाते आणि नवी होऊन परत येते. दुपट्टा पांढरा घ्यायचा आणि ड्रेसच्या रंगात रंगवून आणायचा, ही तर इथली रोजची रीत होती. लग्नसराईत त्या दुकानासमोर बायका पिशव्या घेऊन ताटकळत उभ्या असायच्या.

त्यांची काम करण्याची एक पद्धत होती. आपण नमुना द्यायचा. तो घेऊन ते दुकानाच्या पायरीवर यायचे, उन्हात धरायचे, घटकाभर बघायचे आणि आत जायचे. ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्याला ते माणसात धरत नसत. आत शेगडीवर पाण्याचं मोठं पातेलं उकळत असे. डब्यांतून चिमटीने रंगाची पूड टाकायची, काठीने ढवळायचं, कापडाचं एक टोक बुडवून पिळायचं, पातेल्याच्या तापलेल्या कडेवर दाबून सुकवायचं, की पुन्हा पायरीवर. ओला रंग खोटा असतो, वाळल्यावर तो खरं बोलतो, असं ते म्हणत. तराजू नाही, चमचा नाही. सगळं मोजमाप नजरेत.

आणि त्या नजरेशी माझं भांडण. मला रंगातला फरक दिसतो, त्याला मी काय करणार? पहिल्या खेपेला मी त्यांचं काम एकदाही पास केलं नाही. लाल जरा विटकरीकडे गेलाय, हिरव्यात पिवळा कमी पडलाय, जांभळा मेल्यासारखा दिसतोय, असं काही ना काही माझं असायचंच. एकदा डाळिंबी रंगावरून आमची अशी जुंपली की शेजारच्या फॉल-पिकोवाल्या बाई मशीन थांबवून बाहेर आल्या.

“बहनजी, आपकी आँख है कि मशीन?” ते वैतागून म्हणाले.

“मशीन होती तो आपके यहाँ आ-आकर कब की बिगड़ जाती,” मी म्हटलं.

ते हसले आणि साडी पुन्हा पातेल्यात गेली. दर वेळी असंच व्हायचं. मी बोट ठेवायची, ते कपाळाला हात लावायचे, मग चिमूटभर पूड टाकायचे, आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खेपेला रंग असा यायचा की मी काही बोलायच्या आतच ते “पास?” म्हणून विचारायचे. मी मान हलवायची. गिऱ्हाईक म्हणून मी एक डोकेदुखी आहे आणि हा भला माणूस मला सोसतो आहे, अशीच माझी समजूत होती.

मग हळूहळू सगळं ओसरलं. दुपट्ट्यासकट जुळवलेले ड्रेस घरपोच यायला लागले. माझी मुलगी इथेच लहानाची मोठी झाली आणि आता कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. तिला तर पांढरा दुपट्टा रंगवायला टाकायचा असतो हेच विनोदी वाटायचं. गोटेवाले गेले, बांगडीवाले गेले. रंगरेजांच्या अगदी समोर कोचिंगची उंचच्या उंच इमारत उभी राहिली आणि त्यांच्या पायरीवरचं ऊन गेलं. दुपारी बाराच्या सुमाराला थोडा वेळ तिरीप यायची, तेवढ्यात सगळे नमुने बघायला ते धावपळ करायचे. “धूप ही ले गए ये लोग,” असं म्हणत राहायचे. आम्ही सगळेच त्या इमारतीला बोल लावत होतो. बाजाराचं काहीही बिघडलं तरी खापर फोडायला ती समोर होतीच.

गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरला पुतण्याचं लग्न निघालं. माझ्याकडे एक जुना मोरपंखी ब्लाउज होता, ज्याची साडी कधीच फाटून गेली होती, आणि एक मोतिया रंगाची रेशमी साडी होती, जी नेसली की मी आजारी दिसते. ती साडी ब्लाउजच्या रंगात रंगवायची ठरवली. रंगरेजांनी ब्लाउज नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरून बघितला आणि दोन दिवसांनी यायला सांगितलं.

साडी ऑफिसमधून येताना मुलीने आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीतल्या उन्हात मी साडी आणि ब्लाउज शेजारी शेजारी ठेवले. साडी निळी होती. जरा निळ्याकडे झुकलेली वगैरे नाही, सरळ निळी; मोराचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

“आई, मतलब, इतकं पण वेगळं नाहीये,” मुलगी म्हणाली. “हॉलमध्ये लाइट असतात. कोणाला दिसणार?”

“मला दिसणार,” मी म्हटलं आणि पिशवी उचलली. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. इतका ढोबळ फरक त्यांनी आजवर कधी केला नव्हता, त्यामुळे आज मी चांगली तावातावाने निघाले होते.

दुकानात ते एकटेच बसले होते. शेगडी थंड होती. आतल्या दोरीवर वाळत घातलेलं एकही कापड नव्हतं, मी ती दोरी रिकामी कधी पाहिली नव्हती. शेजारचं फॉल-पिकोचं दुकान सोडलं तर आसपासची शटरं खाली ओढलेली. स्वेटरच्या बाहीला चष्मा पुसत ते बसले होते. मला पाहिलं आणि उठून उभे राहिले, पिशवीसाठी हातही पुढे केला.

“बोलिए बहनजी, क्या कमी रह गई?”

माझी सगळी जुळवलेली वाक्यं गळून पडली. या माणसाला आता काय बोलायचं, असं वाटलं.

“कुछ कमी नहीं,” मी म्हटलं. “एकदम बराबर है.”

“एकदम?”

“एकदम.”

“धूप में देखा?”

“देखा ना.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग “अच्छा” म्हणाले आणि खाली बसले. मग ही पिशवी घेऊन मी आलेच का होते, हा प्रश्न उरलाच. मी शेजारी बोट दाखवून फॉल लावायला आले म्हणून सांगितलं, आणि एकदा सांगितल्यावर जावं लागलं. फॉल-पिकोवाल्या बाईंनी त्या चुकलेल्या निळ्याला जुळणारा निळा फॉल शोधून काढला आणि तासाभरात लावूनही दिला. परत येताना मी स्वतःवर भलतीच खूश होते. वय वाढलं तशी आपल्याला समज आली, असं मुलीला सांगितलंसुद्धा.

लग्नात मी दुसरीच साडी नेसले. पंधरा दिवसांनी परत आले तर रंगरेजांचं शटर खाली होतं आणि त्यावर दुकान भाड्याने देणे असल्याचा कागद लागला होता.

“तुम्ही येऊन गेलात ना,” फॉल-पिकोवाल्या बाई हिंदीत सांगायला लागल्या, “त्याच संध्याकाळी त्यांनी मालकाला कळवलं. मला म्हणाले, बहनजी ने पहली बार में पास कर दिया. अब मेरा काम लड़ने लायक भी नहीं रहा.”

आधी मला त्यांचाच राग आला. एवढ्याशा गोष्टीवरून कोणी दुकान बंद करतं का? मग घरी येऊन चहा ठेवला, आणि तो उतू जाईपर्यंत मी तिथेच उभी होते. वीसेक वर्षं मी ज्या माणसाशी बरोबरीने भांडले, त्याची मी त्या दिवशी कीव केली होती, आणि ती त्याला स्वच्छ दिसली होती. मला फार लाज वाटली.

बाईंकडून पत्ता घेतला. जयपूरजवळ सांगानेरला त्यांच्या भावाची कापडछपाईची शेड आहे, तिथे ते असतात. साडी आणि ब्लाउज पिशवीत घालून मी बस पकडली.

शेडच्या मागे मोकळं आवार होतं. छापलेली कापडं जमिनीवर लांबच लांब वाळत पडली होती, आणि ऊन म्हणाल तर डोळे उघडे ठेवता येऊ नयेत इतकं. ते भिंतीजवळ बाजेवर बसले होते. मी नमस्कारसुद्धा केला नाही.

“रंग गलत है,” मी म्हटलं. “नीला ज़्यादा है.”

“कितना?”

“बहुत.”

त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, मला अगदी ओळखीचं हसू. साडीचा पदर आणि ब्लाउज घेऊन ते आवाराच्या मधोमध गेले. तिथे इमारत नव्हती, झाड नव्हतं, कसलीच सावली नव्हती. त्यांनी दोन्ही कापडं डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

“मुझे तो एक ही दिखता है,” ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं होतं. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, याला उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लाल, केशरी रंग नीट दिसायचे, पण निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळून जायचे. दीडेक वर्ष असंच चाललं होतं. ऊन कमी पडतं हे लोकांना सांगायला बरं होतं.

“बाकी लोग तो कुछ भी ले जाते हैं,” ते म्हणाले. “आप लड़ती थीं तो पता चलता था. आप कहतीं पीला कम है, मैं पीला डाल देता.”

मी आधी शेडमध्ये बसून फॉल उसवला. त्यांनी पातेलं चढवलं. पिवळ्याची चिमूट टाकली, साडीचं टोक बुडवलं, पिळलं, कडेवर दाबलं आणि उन्हात येऊन धरलं. आणि कापडाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले.

“नहीं,” मी म्हटलं. “और.”

दुसऱ्या खेपेला जवळ आलं, पण पुरतं नाही. त्यावरून थोडं वाजलंही. ते म्हणत होते की वाळल्यावर उतरेल, मी म्हणत होते की मला वाळल्यावरचं दिसतंय. तिसऱ्या खेपेला टोक उन्हात धरलं तेव्हा ब्लाउज त्याच साडीतून कापल्यासारखा वाटला.

“पास?”

“पास.”

सगळी साडी रंगवून झाली. इथल्या पद्धतीप्रमाणे दोन टोकं दोघांनी धरून आम्ही ती झुलवत वाळवायला लागलो. माझ्या अंगात उत्साह संचारला होता. साडीच्या या टोकाकडून त्या टोकाला मी ओरडून सांगायला लागले, की दुकान उघडा, मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, निवृत्तीनंतर मला दिवसभर काही काम नाही, निळं-हिरवं काहीही आलं की मला हाक मारा, मी येऊन सांगत जाईन, रंग तुमचा आणि भांडण माझं.

ते साडी झुलवायचे थांबले. दुकान कालच दुसऱ्याने घेतलं होतं, मोमोज विकायला. शेगडी, डबे, दोरी, सगळं भंगारात गेलं होतं.

“उस दिन बोल देतीं, बहनजी,” ते शांतपणे म्हणाले. “इतना तो वहीं हो जाता.”