शेळके मॅडमची धास्ती

शेळके मॅडमच्या गळ्यात स्टेथोस्कोपच्या जोडीला शिंप्याची टेप असायची. तालुका आरोग्य अधिकारी म्हणून त्या कोपरगावला रुजू झाल्या, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी ती माझ्या कमरेभोवती गुंडाळली, आकडा बघितला आणि मग माझं नाव विचारलं. मी तिथली आहारतज्ज्ञ. तोवर माझं काम म्हणजे कमी वजनाची बाळं आणि अशक्त गरोदर बाया. मॅडम स्वतः चांगल्याच स्थूल होत्या. जिना चढून आल्या की खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहायच्या आणि दम खाली बसेपर्यंत बोलायच्या नाहीत. कुणी चेष्टेनं म्हणालंच, की मॅडम, आधी तुमचं माप घ्या, तर त्या शांतपणे म्हणायच्या, "घेतलंय. घाबरले, म्हणून तर तुमचं घेतेय."

त्या मूळच्या काष्टीच्या, बागायतदार घरातल्या. "आमच्याकडे पोट सुटलं की बरकत आली म्हणतात," असं त्या सांगायच्या. त्यांच्या वडिलांचीही अशीच बरकत झाली होती. पुढे साखरेच्या आजारानं त्यांचा पाय कापावा लागला आणि पाठोपाठ ते गेले. तालुक्याच्या आरोग्य आराखड्यात वजनासाठी दर आठवड्याला एक दवाखाना असावा, हा मॅडमचा ध्यास त्यातूनच आला होता. जिल्ह्याच्या बैठकीत मात्र त्यांना सांगण्यात आलं, की लठ्ठपणा हा शहरातला आजार आहे, आपल्याकडे अजून ऊसतोडीवर जाणाऱ्यांची पोरं उपाशी आहेत. मॅडम म्हणाल्या, "वाळलेलं पोर आणि फुगलेला बाप मला एकाच घरात सापडतात, साहेब." विषय पुढच्या वर्षावर गेला.

त्याच दुपारी आम्ही नगरहून परत निघालो. गाडी नेहमीप्रमाणे भाऊसाहेब चालवत होते. आडव्या अंगाचा, अतिशय सज्जन माणूस. राहुरी सोडल्यावर पुढे उसाची ट्रॉली चालली होती. मी सहज समोर पाहिलं, तर भाऊसाहेबांची मान छातीवर आलेली आणि ट्रॉली अगदी काचेवर. शेजारी बसलेल्या मॅडमनी ओरडण्यातही वेळ घालवला नाही. स्टेअरिंग धरून ओढलं. उसाची टोकं खरखरत काचेवरून गेली आणि गाडी कडेच्या मातीत जाऊन बंद पडली.

रात्रभर झोपतो तरी दिवसा डोळा लागतो, भाऊसाहेब म्हणाले, आणि वर कळवू नका म्हणून हात जोडले.

"नोकरीचं मी बघते," मॅडम म्हणाल्या. "पण तपासणी होईपर्यंत तुम्ही स्टेअरिंगला हात लावायचा नाही."

पुढे गाडी मी चालवली. मॅडमनी दाराची मूठ घरापर्यंत सोडली नाही. मानेभोवती चरबी वाढली की झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, माणूस झोपूनही जागाच राहतो, हे त्यांनी मला वाटेत समजावलं. समजावताना त्यांचा दुसरा हात स्वतःच्याच मानेवर होता.

मग त्या मंजुरीसाठी थांबल्या नाहीत. लसीकरणाच्या जुन्या खोलीत दर गुरुवारी वजनाचा दवाखाना सुरू झाला. पहिले रुग्ण भाऊसाहेब. नगरला त्यांच्या झोपेची तपासणी झाली, रात्री तोंडाला लावायचं श्वासाचं यंत्र मिळालं, हळूहळू वजनही उतरलं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच ते पुन्हा गाडीवर बसले. बाया आधी लाजत, मग जावांना घेऊन येऊ लागल्या.

एकदा भाऊसाहेबांनी मला बाजूला घेतलं. दौऱ्यावर मॅडमचा डोळा लागला की त्यांचाही श्वास मधेच थांबतो, म्हणाले. "माझं हुतं तसंच हाय, ताई."

मी सरळ मॅडमकडे गेले. त्यांना ते ठाऊक होतं.

"आत्ता तपासणीसाठी मी रजेवर गेले तर ही खोली बंद करतील," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि खरं सांगू? मला भीती वाटते गं. तपासणी केली की ते खरं होईल."

क्वार्टरमध्ये त्या एकट्याच राहायच्या. त्या दिवसापासून रोज सकाळी जिन्यावर त्यांचा दम ऐकू येईपर्यंत माझं कामात लक्ष लागेना. मी मागे लागायची, त्या म्हणायच्या, आधी आराखड्याची बैठक होऊ दे. अखेर बैठक झाली, दवाखाना मंजूर झाला. मॅडमनी माझ्यासमोरच नगरला फोन करून सोमवारची वेळ घेतली.

सोमवारच्या आधीच्या गुरुवारी सकाळी भाऊसाहेबांचा फोन आला. ते त्यांना आणायला गेले होते.

"ताई, मॅडम दार उघडत न्हाईत."

कडी तोडावी लागली. त्या कुशीवर निजल्या होत्या, एक हात उशीखाली. दुपारी काष्टीहून त्यांचा भाऊ आला आणि त्यांना घेऊन गेला.

मी दवाखान्यात परतले, तर बाकावर माणसं तशीच बसून होती. कुणी घरी गेलं नव्हतं. पुढे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, मॅडम कशानं गेल्या. मी सांगितलं, झोपेत, श्वास थांबून. तपासणी सोमवारी होती, हेही सांगितलं.

बाई बाकावरून उठल्या. मग म्हणाल्या, "आमच्या मालकांचा बी थांबतो. मी उठून नाकाशी हात धरून बसते. आजच न्यायचं तर कुठं न्यायचं, ताई?"