पुठ्ठ्यावर उरलेल्या शेंड्या

आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेला मीच पहिला, त्यामुळे न समजलेलं कोणाला विचारावं हे कळत नसे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पोळ्याच्या सुटीत गावी, बेल्याला आलो, तेव्हा सेमिनार तोंडावर आला होता आणि त्यातली मुख्य गोष्टच मला पटलेली नव्हती.

विषय होता डीएनएच्या लांबलचक अक्षरमाळेत एखादा तुकडा शोधण्याचा. पहिलं अक्षर उचलून शेवटी लावत जायचं, अशा सगळ्या फेऱ्या लिहून अक्षरक्रमाने लावायच्या. मग शोध सोपा. पण एवढं कॉम्प्युटरात मावत नाही. म्हणून सर म्हणाले, प्रत्येक फेरीचं शेवटचं अक्षर तेवढं ठेवा. सारखी अक्षरं शेजारी येतात, थोड्या जागेत बसतात, आणि सगळी माळ त्यातूनच परत मिळते. मी नुसती मान हलवली होती.

वर्गाला दाखवायला सरांनी दिलेल्या छोट्या माळेच्या शेवटी फुलीची खूण करून तिच्या फेऱ्या मी कागदी पट्ट्यांवर लिहिल्या. क्रमाने लावून त्यांची उजवी टोकं खळीने पुठ्ठ्यावर चिकटवली. मूळ माळेचा कागद होस्टेलवरच राहिला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, बाहेरून आलो, तर धाकट्या बहिणीच्या लाकडी बैलाच्या गळ्यात कागदी झुरमुळ्या.

"दादा, पाय न, कसा दिसून राह्यला!" ती बैल पुढे धरून म्हणाली.

"काऊन कापल्या वं पट्ट्या?"

"शेंड्या तं ठेवल्या न मी," ती रडवेली झाली.

माय चुलीपासून म्हणाली, "आता बैलालेच ने कालेजात. तोच सांगन तुह्या सराले."

पोरांची मिरवणूक निघाली होती. बैलाचा गळा उघडा करायचा धीर झाला नाही. बहीण बैल घेऊन गेली आणि मी पुठ्ठा घेऊन बसलो.

उरलेली अक्षरं क्रमाने लावली, तशी प्रत्येक पट्टीची पहिली अक्षरं मिळाली. शेवटच्या अक्षरांतला दुसरा 'ए' पहिल्या अक्षरांतही दुसराच, म्हणजे दोन्ही एकच. फेरीत टोकाचं अक्षर पहिल्याच्या लगेच आधीचं; तो धागा धरून फुलीपासून मागे मागे सरकत गेलो आणि माळ पुरी झाली. बहीण परतल्यावर झुरमुळ्यांतला एक तुकडा वाचून पाहिला. जुळला.

"मंग हे मलेच राहू दे न?" तिने विचारलं.

"राहू दे."

सेमिनारला मी तो कापलेला पुठ्ठाच नेला. इंग्रजी दोनदा अडलं. फळ्यावरची माळ मात्र, पट्ट्यांशिवाय, मी शेवटपर्यंत लिहिली.