दुखलं तर हात वर करा

इतकी वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते साचतात. पाठदुखी साचते तसेच. मी नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या एका गल्लीत वेडेवाकडे दात सरळ करायचं क्लिनिक चालवते. एक माणूस तारा लावायला येतो आणि त्याच्यासोबत अख्खं घराणं येतं. संध्याकाळपर्यंत माझी अशी अवस्था होते की घरी गेल्यावर कुणी "बस, चहा घे" म्हटलं तरी माझ्या तोंडून आधी "आ करा" निघतं.

माझे सगळ्यात जास्त किस्से स्क्रूचे आहेत. पुढे आलेले दात मागे ओढायचे तर ओढायला खुंटी लागते. त्यासाठी दोन दातांच्या मुळांमधल्या हाडात आम्ही एक बारीक स्क्रू बसवतो. जागा अगदी चिंचोळी. स्क्रू जरा तिरका गेला की मुळाला लागतो. वेळीच थांबलं तर ती जखम बहुतेक वेळा भरून येते. तसंच रेटलं तर चांगला दात मरू शकतो.

म्हणून आम्ही भूल मुद्दाम थोडी देतो. हिरडी बधिर होते, पण मुळाला धक्का लागला तर पेशंटला कळतं. तोंड उघडं असल्यामुळे त्याला बोलता येत नाही. म्हणून नियम एकच, दुखलं तर हात वर करा. नियम सोपा आहे. माणसं सोपी नाहीत.

*

बँकेतल्या एक बाई आल्या होत्या. त्यांना हे सगळं पटेना. "पूर्ण बधिर करा. मला काही कळायलाच नको."

मी म्हटलं, "तुम्हाला कळलं तरच मला कळणार. स्क्रू मुळाला लागला तर तुम्ही सांगायचं."

"म्हणजे चुकतंय की नाही ते मी सांगायचं?"

"हो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या सर्टिफिकेटांकडे बघितलं. "मग एवढं शिकून तुम्ही करता काय?"



*

उलटी तऱ्हाही असते. इंजिनिअरिंगचा एक मुलगा होता. लाइट डोळ्यावर आला, हात वर. एसी गार लागला, हात वर. प्रत्येक वेळी मी दचकून थांबायची, कारण न थांबून चालत नाही. स्क्रू अर्धा आत गेला आणि याचा हात परत वर. पटकन सगळं बाजूला घेतलं.

"कुठे दुखलं?"

"दुखलं नाही मॅडम. रविवारी मिसळ चालेल ना?"

माझ्या असिस्टंट सुनंदाताई एरवी कधी चिडत नाहीत. त्या म्हणाल्या, "रविवारपर्यंत जगलास तर चालेल."

*

एका मुलीच्या आईने स्क्रूच्या एक्स-रेचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. एक्स-रेत पुढचं-मागचं सगळं एकावर एक दिसतं. त्यामुळे नीट बसलेला स्क्रूसुद्धा कधी कधी दातातून आरपार गेल्यासारखा दिसतो. हे मी आईला समजावलं होतं. ग्रुपला कोण समजावणार?

दुपारी जेवायला बसले तर वणीहून मुलीच्या मामाचा फोन. मामांचं हार्डवेअरचं दुकान.

"मॅडम, स्क्रू दातात घुसलाय. इथून दिसतोय मला."

मी हातातला घास ठेवून परत सगळं समजावलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते ठीक हे. पण भोक पाडल्यावर आधी प्लास्टिकची गिट्टी टाकली होती का? बिनगिट्टीचा स्क्रू आम्ही भिंतीत बी मारत नाय."

*

सायखेड्याचे एक दादा आठवतात. टोमॅटो आणि फुलं पिकवणारे, तिशीतले, अतिशय सभ्य. खुर्चीत असे बसले की जणू फोटो काढायचाय. मी स्क्रू फिरवत होते, हात काही वर झाला नाही. पण स्क्रू अचानक जड फिरायला लागला. मी वर बघितलं तर माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

लगेच थांबून एक्स-रे काढला. टोक मुळाला टेकलं होतं. स्क्रू उलटा फिरवून काढला, दिशा बदलून परत बसवला. दात वाचला. पण मला राग आला होता.

"अहो दादा, इतकं दुखत होतं तर हात का नाही वर केला?"

ते ओशाळले. "तुम्ही इतकं मन लावून करत होत्या. मधीच थांबवायचं म्हणजे बरं नाय दिसत."

सांगा आता, अशा माणसावर रागवायचं कसं?

*

तेव्हापासून मला भित्र्या पेशंटची भीती वाटत नाही, गुणी पेशंटची वाटते. आणि सगळ्यात गुणी आली ती एक बाविशीतली मुलगी, आत्याबरोबर. साखरपुडा झाला होता. दात आत गेल्याशिवाय लग्नाची तारीख धरायची नाही, असं मुलाकडच्यांचं म्हणणं होतं.

मी मुलीला नाव विचारलं, आत्याने सांगितलं. मी विचारलं, "चावताना दुखतं का?"

"नाय ओ," आत्या म्हणाली, "तिला काय बी होत नाय. लय सोशिक हे पोरगी. त्यांना तेच तर आवडलं."

मुलगी जमिनीकडे बघत होती. बाहेर या पोरीचं कौतुक होत असेल, पण माझ्या खुर्चीत सोशिक माणसाचा दात जातो. मी आत्याला बाहेर बसायला सांगितलं. दार लावताना ती म्हणाली, "तिला काय विचारू नका. ती काय बोलायची नाय."

मी मुलीला नियम नीट समजावून सांगितला. हात वर केलास की मी थांबणार, कितीही काम राहिलं असलं तरी. तिने मान हलवली. थोडी भूल दिली. सुनंदाताईंनी गाल बाजूला धरला, मी स्क्रू हातात घेतला.

तिचा हात वर.

मी थांबले. हात खाली गेला. मी परत पुढे वाकले.

हात परत वर.

मी परत थांबले. सुनंदाताईंनी गाल सोडला. "अगं, स्क्रू अजून हिरडीलासुद्धा लागला नाही," मी म्हटलं. "काय दुखतंय?"

"काही नाही दुखत, मॅडम."

"मग?"

"हात वर केला की खरंच कुणी थांबतं का, ते बघत होते."