कूलर बंद असताना

पाचोडच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आत मोजक्याच मशिनी होत्या आणि प्रत्येकीवर फुलाफुलांच्या कापडाचं आच्छादन असायचं. आच्छादन सर स्वतः काढत, बटणही स्वतःच दाबत. आम्ही मागे रांगेत उभे राहून बघायचो. पुढे सुट्टीत खोली झाडण्याच्या निमित्ताने त्यांनी मला कीबोर्डला हात लावू दिला, आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो त्याची सुरुवात तिथं आहे असं मी मानतो. त्या सरांचा मी आजही ऋणी आहे. पण कॉम्प्युटर म्हणजे फार हात लावू नये अशी वस्तू, ही भीतीही तिथूनच माझ्या अंगात आली.

म्हणून ओव्हरक्लॉकिंग करायची वेळ आली तेव्हा मला चोरून काही करतोय असं वाटत राहिलं. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसरला कारखान्यात ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. हौस म्हणून मी ते कधीच केलं नसतं. मी शहरात, उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहतो आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो. घरी बसून इमारतींच्या फिल्म करायला शिकलो होतो. अजून न बांधलेल्या घरात स्क्रीनवर दारापासून गच्चीपर्यंत फिरून येता येतं, तशा फिल्म. पुण्याच्या एका ऑफिसने नमुना म्हणून एका बंगल्याची फिल्म मागितली. सोमवारी सकाळी त्यांना ती हवी होती. पसंत पडली तर कायमचं काम मिळणार होतं, आणि ते इथं बसून करता येणार होतं. वडील गेल्यापासून माय पाचोडला एकटीच असते. दुसरी नोकरी धरून मी पुण्याला गेलो असतो, तर दर रविवारी होणारी आमची भेट सणावारावर गेली असती. म्हणून मला हेच काम हवं होतं.

अशा फिल्मचं एकेक चित्र कॉम्प्युटरला हिशेब करून तयार करावं लागतं, आणि माझं मशीन जुनं होतं. नेहमीच्या वेगाने फिल्म सोमवारपर्यंत पुरी झाली नसती. नशिबाने प्रोसेसर वेग वाढवता येण्यासारखा होता. पैठण गेटकडच्या ज्या दुकानातून मी तो घेतला होता, तिथल्या चाचांना जाऊन विचारलं. त्यांनी प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा उभा, मोठ्या पंख्याचा हीटसिंक काढून दिला. पाण्याने गार करणारा लावू का, असं मी विचारल्यावर ते म्हणाले, “अरे बेटा, पाणी पिण्यासाठी ठेव. हवा आत कुठून येते आणि बाहेर कुठून जाते, तेवढं बघ. बाकी सब ठीक.”

मग मी सावकाश काम केलं. उष्णता हीटसिंककडे नेणारी जुनी पेस्ट पुसून प्रोसेसरच्या मधोमध नवीन पेस्टचा दाणा ठेवला आणि हीटसिंकचे स्क्रू आलटून पालटून, सारखे आवळले. व्होल्टेज मशीनच्या मर्जीवर न सोडता स्वतः ठरवून दिलं, कारण मशीन स्वतःहून नेहमी गरजेपेक्षा जास्त घेतं. वेग एकेक पायरीने वाढवला. प्रत्येक पायरीवर प्रोसेसरला पूर्ण दमवणारी चाचणी लावली आणि तापमान बघत बसलो. फार तापल्यावर मशीन आपोआप बंद पडतं, ती सोय काही लोक काढून टाकतात. मी तिला हात लावला नाही. ऐंशी अंशांच्या आत सगळं स्थिर राहिलं. मला समाधान वाटलं.

एक चूक मात्र झाली होती, आणि ती आमच्याच शहरात होईल अशी होती. सगळ्या चाचण्या मी खिडकीतल्या कूलरसमोर बसून केल्या होत्या. एप्रिलमध्ये इथं कूलरशिवाय दुपारी कोण बसतं? टेबल खिडकीशी, त्यामुळे वाळ्याच्या जाळीतून येणारा गार वारा माझ्याआधी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला लागायचा. माझा हीटसिंक त्या वाऱ्याच्या जिवावर टिकला होता, हे मला समजलं नाही.

त्याच आठवड्यात मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ती माझ्याकडे राहायला आली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यात थेंब वेळेवर घाला, धूळ आणि कूलरचा वारा डोळ्याला लागू देऊ नका, सोमवारी दाखवायला आणा. खोली एकच, त्यामुळे मी कूलर बंद केला.

फिल्मची चित्रं तयार होणं चालूच होतं. कूलर बंद झाल्यावर तासाभरात तापमानाचे आकडे नव्वदीच्या पुढे गेले आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप हळू झाला. मी येता-जाता कॅबिनेटला हात लावून बघायचो. माय ते बघत होती. आधी म्हणाली, कूलर लाव, मी मोरीजवळ भिंतीकडं तोंड करून पडते. मी नाही म्हटलं. संध्याकाळी तिने पिशवी भरायला घेतली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पाचोडला जाते, डोळा दाखवायला सोमवारी परत येते, असं तिचं म्हणणं. मी सांगितलं की ती एसटीच्या धुळीतून गेली तर मी ते कामच सोडून देईन. मग तिने पिशवी खाली ठेवली, पण मोकळी केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी थेंब घालायला मी ऑफिसातून घरी आलो. स्क्रीन काळी होती. पंख्याचा आवाज नव्हता. कॅबिनेटवर मायचं जुनं लुगडं घडी करून टाकलेलं होतं, वरची जाळी आणि मागचा पंखा झाकून. हात लावला तर ओलं. मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं.

“काय केलं हे, माय?”

“लई तापलं होतं रं. इंजिन तापलं की तुझे वडील ओलं पोतं टाकत नव्हते का त्याच्यावर?”

“ते विहिरीवरचं इंजिन होतं.”

“व्हय. ते तर ह्याच्याहून मोठं होतं.” मग तिने विचारलं, “बिघडलं का?”

मी लुगडं उचललं. तिने ते घट्ट पिळून टाकलं होतं, पाणी आत उतरलं नव्हतं. तरी झाकण उघडून सगळं बघितलं आणि बराच वेळ वाऱ्यावर ठेवलं. गरम हवेला बाहेर जायला वाट उरली नाही म्हणून मशीन आपोआप बंद पडलं होतं. फिल्मचं प्रत्येक चित्र मी वेगळं साठवत होतो, त्यामुळे एक अर्धवट चित्र सोडलं तर काही गेलं नव्हतं. मायला मी एवढंच सांगितलं की ह्याला वाराच लागतो, पाणी चालत नाही. ती म्हणाली, “मंग वारा बंद कशापायी केला?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते तिलाही माहीत होतं.

ऑफिसात फोन करून मी अर्धी सुट्टी घेतली. मशीन कोरडं झाल्यावर वेग दोन पायऱ्या खाली आणला, व्होल्टेजही त्याबरोबर उतरवलं. टेबल भिंतीपासून पुढे ओढलं, म्हणजे मागची गरम हवा तिथंच घुटमळणार नाही. आणि या वेळी चाचणी कूलर बंद ठेवून, दार लावून, भर दुपारच्या उन्हात घेतली. आकडा पुन्हा ऐंशीच्या आत आला आणि तिथंच राहिला. वेग कमी केला तरी काम पहिल्यापेक्षा लवकर सरकू लागलं, कारण मशीन आता मधेच मंदावत नव्हतं. मायने न विचारता पिशवी मोकळी केली.

रविवारी दुपारी फिल्म पुरी झाली. मी मायला समोर बसवून दाखवली. एक डोळा झाकून, ऑपरेशन केलेल्या डोळ्याने तिने पूर्ण बघितली. स्वयंपाकघर मोठं आहे म्हणाली. जिन्याला कठडा हवा होता म्हणाली. तो होता, पण काचेचा. मग दाराशी फिल्म थांबवायला सांगून म्हणाली, “हितं राहतं कोण? चपला कुठंच दिसत नाय.”

मी दाराशी चपलांचे दोन जोड ठेवले आणि तेवढीच चित्रं पुन्हा तयार केली. संध्याकाळी फिल्म पाठवली. सोमवारी आम्ही डोळा दाखवून आलो. डोळा चांगला होता. पुण्याहून फोन गुरुवारी आला. त्यांनी भिंतीचा एक रंग बदलायला सांगितला आणि पुढच्या दोन घरांचे नकाशे पाठवले. चपलांबद्दल ते काही बोलले नाहीत.

माय पाचोडला परत गेली. मी कूलर पुन्हा सुरू केला, जाळी भिजवली, टेबल मात्र पुढेच ठेवलं. आता वारा आहे, वेग दोन पायऱ्या वाढवता येईल. मी वाढवलेला नाही. पुढच्या महिन्यात तिच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.