बटल्याचे दाणे

हिच्याबरोबर मी शेवटचं काम केलं ते बटले सोलायचं. इंदूरात मटारला आम्ही बटलाच म्हणतो. आज मंडईत तो कच्चा, गोड वास आला आणि ती जुनी संध्याकाळ आठवली.

नात मिनू तिसरीत होती, पण वाचता येत नव्हतं.

‘अहो, टीव्ही बंद करा,’ ही म्हणाली.

‘कान तर ठीक निघाले ना तिचे?’

‘कान ठीकच आहेत. गलक्यात आवाज सुटे होत नाहीत तिला. डॉक्टरीण बोलली तेव्हा तुम्ही कुठे होतात?’

मग ही एकेक आवाज बोलायची, पोरगी एकेक दाणा मांडायची. क, म, ळ. मग दाण्यांवरून बोट फिरवून ‘कमळ’ म्हणायची.

एकदा तिनं शेवटचा दाणा तोंडात टाकला. ‘अगं, ळ खाऊन टाकलास!’ ही हसली.

मला तो टाइमपास वाटला.

पहाटे ही झोपेतच गेली. सकाळी घर भरलं, सगळे एकदम रडत-बोलत होते. मिनू नुसती तोंडं बघत होती, तिला काही उमगेना. मी तिला स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं, समोर बसलो आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, ‘आजी. आता. नाही.’