लाडवाच्या आधीची तारीख

"सर, तुम्ही पेशंटच्या घरी गेलातच कशाला? आपलं काम कागदांचं होतं," कंपनीच्या मॅडम फोनवर म्हणाल्या.

काम कागदांचंच होतं. कोल्हापुरात इतिहास शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हा पुण्याच्या एका औषध कंपनीने हा प्रोजेक्ट दिला. एलएसडी हे भास घडवणारं औषध. साठच्या दशकात डॉक्टरांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं, पुढे बंदी आली. आता उदासीच्या आजारावर अशा औषधांचं संशोधन पुन्हा जोरात आहे. म्हणून कंपनीला इतिहास हवा होता, आणि तो गोड हवा होता.

बंद पडलेल्या एका खासगी दवाखान्याचे केस-पेपर, म्हणजे रुग्णांच्या रोजच्या नोंदी, माझ्याकडे आले. त्यात कागलजवळचा एक विशीतला मुलगा होता. उदास राहतो म्हणून दाखल केलेला. तरी रोज बोलायचा, घरची म्हैस व्याली का विचारायचा. एलएसडीच्या तिसऱ्या डोसनंतर शेरा होता, 'क्वायट. इम्प्रूव्हड.' शांत, सुधारणा आहे. पुढचे चार दिवस तेच, मग डिस्चार्ज.

मला हे इम्प्रूव्हड पचेना. ग्रामपंचायतीतून नंबर मिळवून त्याच्या बहिणीला फोन लावला.

"आक्का, दवाखान्यातून आल्यावर भाऊ शांत झाले का?"

"शांत का म्हणून व्हायचा? बसलाय की सोप्यात."

आमच्याकडे माणूस शांत झाला म्हणजे वारला. मी जीभ चावली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो.

ऐंशीचे गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. आक्का त्यांना बशीने चहा पाजत होत्या. दवाखान्यातून आल्यापासून ते एक शब्द बोललेले नाहीत.

"करणी हुती," आक्का म्हणाल्या. "आला त्या दिशी चुलतीनं लाडू दिला. मी बघितलं, मीच आईला सांगितलं. आठ वर्साची हुतो मी. गावानं काकूला लई छळलं. तिनं हिरीत जीव दिला."

मी केस-पेपर उघडला. "आक्का, लाडू घरी आल्यावर दिला ना? यांचं बोलणं त्याच्या चार दिवस आधी, दवाखान्यातच बंद झालंय."

"कशानं?"

"औषधाने की आजाराने, ते सांगता येत नाही. लाडवाने नाही, एवढं नक्की."

आक्कांनी भावाच्या हनुवटीवरचा चहा पदराने पुसला. "म्हंजे काकू उगंच गेली," म्हणाल्या. मग, "ह्याची झेराक्स द्या, पावणं. काकूच्या म्हायेरी दावतो."

परवानगी मागितली, त्यावरच मॅडमचा तो फोन. "कॉपी बाहेर गेली तर तुमचं काम संपलं." मला संताप आला. झेरॉक्स दिली. काम संपलं.

काकूंचं माहेर बिद्रीकडे. आक्कांना मीच गाडीतून नेलं. काकूंच्या भाच्याने, तोही आता सत्तरीचा, कागद दोनदा वाचला आणि घडी घालून परत केला. "लई उशिरा आणलासा. बसा, च्या घ्या."

आक्का बसल्या नाहीत. त्यांनी उंबऱ्यावर डोकं टेकलं. भाच्याने उठा म्हटलं नाही.

कंपनीची पुस्तिका नंतर छापून आली. सुधारलेल्या रुग्णांत तो मुलगा आहे.

वर्गात मी पोरांना सांगायचो, आधी काय घडलं आणि नंतर काय, एवढं नीट लावलं की इतिहास कळतो. उशिरा लावलं तरी कळतो. फक्त तोवर माणसं गेलेली असतात.